स्रोतापासून बांधणी : सूचना मराठीत का हव्यात?

सीमाभागातील मराठीची चर्चा शाळा, पाट्या, परिपत्रके आणि साहित्य संमेलने यांभोवती फिरते. ती आवश्यकच आहे. परंतु दहावीपर्यंत मराठीत शिकलेली मुलगी अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळेत शिरते, तेव्हा तिची भाषा दाराबाहेरच थांबते, याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

‘ऑक्टेव्ह’ या संख्यात्मक गणनाच्या मुक्त सॉफ्टवेअरचे उदाहरण घेऊ. रासायनिक अभिक्रियापात्रांच्या रचनेवरील एका पाठ्यपुस्तकाला जोड म्हणून त्याची कल्पना पुढे आली. फोर्ट्रानमधील चुका शोधण्यातच विद्यार्थ्यांचा वेळ खर्ची पडे आणि मूळ विषय बाजूला राही, हे शिक्षकांनी पाहिले होते. जॉन ईटन यांनी १९९२ मध्ये पूर्णवेळ काम हाती घेतले आणि १९९४ मध्ये आवृत्ती १.० प्रसिद्ध झाली. विद्यार्थी आणि विषय यांच्यामध्ये भाषेची भिंत नको, हाच या साधनाच्या जन्मामागील विचार. मग त्याच साधनाच्या वापराआड इंग्रजी सूचनांची भिंत का असावी?

लिनक्सवर ऑक्टेव्ह तयार पॅकेजातून मिळते आणि अनेकांना तेवढे पुरते. मात्र नवी आवृत्ती हवी असेल, किंवा महाविद्यालयाच्या संगणकावर प्रशासकाचा अधिकार नसेल, तर स्रोतापासून बांधणी करावी लागते. तिची चाल अशी : ‘कॉन्फिगर’ संगणकावर काय आहे आणि काय नाही, याची झडती घेते, ‘मेक’ प्रत्यक्ष बांधणी करते, ‘मेक चेक’ चाचण्या चालवते, ‘मेक इन्स्टॉल’ फाइली जागच्या जागी ठेवते. ‘प्रीफिक्स’ या पर्यायात आपल्याच होम फोल्डरचा पत्ता दिला, तर कोणाच्या परवानगीची गरज उरत नाही.

विद्यार्थी अडतो तो ‘कॉन्फिगर’च्या अहवालाशी. ब्लास आणि लापॅक या रेषीय बीजगणिताच्या लायब्रऱ्या नसतील, तर काम तिथेच थांबते. ते निदान कळते तरी. पण स्वीटस्पार्स नसेल, तर केवळ इशारा मिळतो आणि बांधणी पुढे सरकते. पुढे कधीतरी विरळ आव्यूहाचे गणित अडते, तेव्हा तो न वाचलेला इशारा आठवतो. डेबियन आणि उबुंटू यांवर आणखी एक फसगत होते : लायब्ररी बसवलेली असूनही ‘ती सापडत नाही’ असा संदेश येतो, कारण बांधणीसाठी लागणाऱ्या हेडर फाइली ‘डेव्ह’ने संपणाऱ्या वेगळ्या पॅकेजात असतात. हे एक वाक्य मराठीत कुठे लिहिलेले असते, तर कित्येकांच्या संध्याकाळी वाचल्या असत्या.

परिभाषेचा प्रश्न येथेच येतो. ‘कंपाइल’ला ‘संकलन’ म्हटले की लोकगीतांचा संग्रह डोळ्यांसमोर येतो. ‘लायब्ररी’ला ‘ग्रंथालय’ म्हटले तर वाचक कपाटे शोधू लागेल. याउलट ‘बांधणी’ हा शब्द घराला, पुस्तकाला आणि सॉफ्टवेअरलाही शोभतो. आमचे मत असे, की जिथे मराठी शब्द सहज बसतो तिथे तो घ्यावा, जिथे बसत नाही तिथे रूढ शब्द देवनागरीत लिहावा. वाक्य मात्र मराठीच असावे. आज्ञा रोमन लिपीतच टंकाव्या लागतील. त्या का टंकायच्या, हे मराठीत समजावे.

‘शेवटी इंग्रजी शिकावेच लागते,’ असा आक्षेप येईल. शिकावे, अवश्य शिकावे. पण नवे गणित, नवी यंत्रणा आणि परकी भाषा ही तीन ओझी एकाच वेळी डोक्यावर दिली, तर हुशार मूलही आपल्यालाच मंद समजू लागते. सीमाभागात त्यावर राज्यभाषेचे चौथे ओझे असते. त्यातून मराठी शाळेविषयी जो न्यूनगंड रुजतो, तो शाळेची पटसंख्या घटवतो. पालकांचा निर्णय पाटीवरून होत नाही, थोरल्या मुलाच्या अनुभवावरून होतो.

म्हणून बेळगाव, इंदूर, वडोदरा, हैदराबाद येथील जाणत्या वाचकांना आमची विनंती आहे. आपण एखादी बांधणी पार पाडली, की तिची टिपणे मराठीत लिहावीत : कोणती पॅकेजे लागली, कोणता इशारा आला, तो कसा दूर झाला. मुक्त सॉफ्टवेअरचा परवाना बदलण्याचा आणि वाटण्याचा हक्क सर्वांना देतो. तो हक्क आपल्या भाषेत वापरण्यासाठी कोणत्याही सरकारच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही.