नागानोचा बर्फ आणि जळालेल्या वह्या

मागच्या आठवड्यात मी बर्फावर आपटल्याचा फोटो टाकला आणि खाली प्रश्नांचा पाऊस पडला. सगळ्यांना एकदमच उत्तर देतो. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

भाचा तोक्योत निशिकसाईला राहतो. तो म्हणत होता, "मामा, क्योतोला जाऊ." मी म्हटलं, नागानो. 1998 चं हिवाळी ऑलिंपिक तिथे झालं तेव्हा मी कॉलेजात होतो. भारताचा एकच खेळाडू गेला होता, मनालीजवळचा सोळा वर्षांचा पोरगा, शिवा केशवन. ती चार ओळींची बातमी डोक्यात राहिली होती. ऑलिंपिक येऊन गेलेल्या गावाचं पुढे काय होतं, हेही बघायचं होतं. तोक्योहून शिंकान्सेनने दीड तास. ही लाइनसुद्धा ऑलिंपिकसाठीच घाई करून 1997 च्या ऑक्टोबरात सुरू झालेली.

स्टेशनवरून बस पकडून एम-वेव्हला गेलो. स्पीड स्केटिंगचं मैदान, 400 मीटरचा बर्फाचा ट्रॅक, सगळा छताखाली. छत बघण्यासारखं आहे. तिथल्याच डोंगरातल्या लार्च लाकडाचं, कनातीसारखं टांगलेलं, आणि बाहेरून एकामागे एक डोंगररांगा वाटाव्यात असं. याच बर्फावर हिरोयासु शिमिझूने 500 मीटरचं सुवर्ण जिंकलं. मी भाड्याचे बूट घालून कठडा धरला, तो सोडला, आणि पुढचं तुम्ही फोटोत पाहिलंच. माझ्या बाजूने सत्तरीच्या एक आजी हात पाठीमागे बांधून शांतपणे फेऱ्या मारत होत्या. आपल्याकडे सकाळी ग्राउंडवर चालायला येतात ना, तशा. शाळेची पोरं होती, मास्तर ओरडत होते. अठ्ठावीस वर्षं झाली त्या ऑलिंपिकला! इमारतीत ऑलिंपिकचं संग्रहालय आहे, पण मला त्या आजीच जास्त आवडल्या.

उन्हाळ्यात बर्फ काढून तिथे प्रदर्शनं आणि दुसरे कार्यक्रम होतात. फिगर स्केटिंगचा व्हाइट रिंग आता साधा बंदिस्त क्रीडा हॉल आहे. आइस हॉकीचं एक मैदान चक्क पोहण्याचा तलाव झालंय, नाव अॅक्वा विंग. उद्घाटन सोहळ्याच्या स्टेडियममध्ये बेसबॉल खेळतात. आमच्या तालुक्यात क्रीडा संकुलाची फीत कापून झाली की कुलूप लागतं आणि आत गाजरगवत उगवतं, म्हणून मला याचं जास्त कौतुक वाटलं असेल. असो.

दुपारी झेंकोजीला गेलो. खरं तर शहर या देवळाभोवतीच वाढलेलं. मुख्य मंदिराची आजची इमारत 1707 ची. आतली बुद्धमूर्ती मूळ भारतातून, कोरियामार्गे आली अशी आख्यायिका आहे, पण ती कुणालाच दाखवत नाहीत. पुजाऱ्यांनाही नाही! गाभाऱ्याखाली काळोखा बोगदा आहे. भिंत चाचपत जायचं आणि मूर्तीच्या बरोबर खाली असलेलं कुलूप हाताला लागलं तर पुण्य. मला लागलं, भाच्याला नाही. बाहेर बिंझुरूची लाकडी मूर्ती आहे, म्हणजे आपला पिंडोल भारद्वाज, बुद्धाचा शिष्य. आपलं दुखतं तिथे मूर्तीला चोळायचं. मी कंबर चोळली. 2023 मध्ये ही मूर्ती चोरीला गेली आणि त्याच दिवशी सापडली. ऑलिंपिकचं उद्घाटन याच देवळाच्या घंटेने झालं होतं.

इथपर्यंत सगळं गोड. आता जे फोटोत नाही ते.

शिवा ज्यावरून घसरत खाली आला आणि ल्यूजमध्ये अठ्ठाविसावा आला, तो ट्रॅक म्हणजे स्पायरल. डोंगरात बांधलेला, 1700 मीटरचा. तिथे आता बर्फ नाही. बर्फ गोठवायचा खर्च दरवर्षी, आणि त्यावर घसरणारे मूठभर. नगरपालिकेने 2018 नंतर बर्फ बनवणं थांबवलं. शिवा निवृत्त झाला तेही 2018 लाच. या सगळ्या बांधकामांचं कर्ज शहर जवळपास वीस वर्षं फेडत होतं.

आणि एक गोष्ट तर पत्रकार म्हणून मला पचत नाही. 1991 मध्ये नागानोने सॉल्ट लेक सिटीला 46 विरुद्ध 42 मतांनी हरवून हे ऑलिंपिक मिळवलं. पुढे सॉल्ट लेकच्या पुढच्या बोलीतली लाचखोरी बाहेर आली, तेव्हा लोकांनी नागानोचेही हिशेब मागितले. कळलं की यजमानपद मागणाऱ्या समितीच्या खर्चाच्या वह्या आधीच जाळून टाकल्यात. शिस्तीचा देश म्हणून आपण ज्यांचं नाव घेतो, तिथे! मतं मिळवताना कुणाच्या पाहुणचारावर किती उधळले, ते आजही पूर्ण समजलेलं नाही. देवळातली मूर्ती झाकलेली असते तो श्रद्धेचा भाग. पण पालिकेच्या पैशाची वही झाकायचं काय कारण?

हे आत्ता लिहितोय कारण आपणही 2036 चं ऑलिंपिक मागितलंय. इरादापत्र 2024 मध्येच गेलं. माझा त्याला विरोध नाही. माझं म्हणणं एवढंच: बोलीवर होणारा खर्च आजपासून दर तीन महिन्यांनी वेबसाइटवर टाका, आणि प्रत्येक स्टेडियमच्या नकाशासोबत, दहा वर्षांनी तिथे कोण खेळणार आणि वीजबिल कोण भरणार, तेही छापा. आपले खासदार मतं मागायला येतील तेव्हा मी हे विचारणार आहे. तुम्हीही विचारा.

आणि हो, ज्यांना जायचंय त्यांनी हिवाळ्यातच जा, उन्हाळ्यात एम-वेव्हला बर्फ नसतो. हातमोजे घरून न्या. देवळाच्या रस्त्यावर सात मसाल्यांची तिखट पूड मिळते, ती डबीभर आणलीये. पिठल्यावर भारी लागते.