गाणं गर्दी जमवायला नाही



सभा कोणतीही असो, माईकवरून एक वाक्य ठरलेलं असतं: "पाहुणे रस्त्यात आहेत, तोवर आपल्या पोरांनी गाणी म्हणावीत." पोरं म्हणतात, बाया साथ धरतात. गाडीचा धुरळा दिसला की हाताने खूण होते. गाणं मधेच तुटतं, हार-नारळ सुरू होतात. मग दोन तास आमच्याच जमिनीबद्दल आम्हालाच सांगितलं जातं. गाणं म्हणजे तोंडी लावणं आणि भाषण म्हणजे जेवण, अशी काही कार्यकर्त्यांची पक्की समजूत झालेली आहे. या समजुतीशी आमचं भांडण आहे.

आमचं म्हणणं सरळ आहे. वाडीने मिळून रचलेली आणि मिळून म्हटलेली कविता हे करमणुकीचं काम नाही. ते ग्रामसभेचं काम आहे. जिथे दाव्यावर ठराव होतो तिथेच ते व्हायला पाहिजे.

हा विषय आत्ताच काढायला कारण आहे. संगमनेर, नाशिक, पुण्याला शिकायला गेलेली आपली पोरं सुट्टीत घरी येतात तेव्हा एक नवा शब्द घेऊन येतात: स्लॅम. कविता पाठ करून, अंगात आणून, लोकांसमोर म्हणायची. कोणी एकटा म्हणतो, कोणी चौघं मिळून. म्हातारी माणसं हसतात, कार्यकर्ते म्हणतात हे शहरी खूळ आहे. आम्ही म्हणतो, हसायच्या आधी नीट पाहा. यातलं काय घ्यायचं आणि काय उंबऱ्याबाहेर ठेवायचं ते ठरवू.

स्लॅम निघालं अमेरिकेत, शिकागो शहरात. मार्क स्मिथ नावाच्या बांधकामावर राबणाऱ्या माणसाने ते सुरू केलं. शिकलेल्यांच्या कवितावाचनाला तो कंटाळला होता. कवी कागदात तोंड खुपसून वाचणार, लोकांनी गप्प बसून टाळ्या वाजवायच्या, हे त्याला पटेना. १९८६ पासून ग्रीन मिल नावाच्या दारूच्या बारमध्ये त्याने ही रीत बसवली. कविता स्वतःची पाहिजे. वेळ साधारण तीन मिनिटं. वाद्य नाही, वेष नाही, हातात वस्तू नाही. परीक्षक म्हणून ऐकणाऱ्यांतलीच पाच माणसं निवडायची, त्यांनी शून्य ते दहा मार्क द्यायचे. पुढे संघ तयार झाले आणि तीन-चार जणांनी मिळून एक कविता म्हणायची रीतही रुळली.

त्याच १९८६ साली आपल्या डोंगरावर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य जाहीर झालं. तिकडे राबणाऱ्या माणसाने बोलायला जागा करून घेतली आणि इकडे राबणाऱ्या माणसाला विचारलं जाऊ लागलं, तू इथे काय करतोस?

आता नियम एकेक करून पाहू. कविता स्वतःची पाहिजे, हे घ्या. तीन मिनिटं, हेही घ्या. भाषणवाल्यांनीही घ्यायला हरकत नाही. ऐकणाऱ्यांनी तोंड उघडायचं, चुकलं तर तिथेच सांगायचं, हे तर आधी घ्या. मार्क मात्र घेऊ नका. एका आईच्या झोपडीवर फॉरेस्टने नोटीस चिकटवली त्या दुःखाला साडेसात आणि दुसरीच्या दुःखाला नऊ, हे कसलं मोजमाप? मार्क आले की बक्षीस येतं, बक्षीस आलं की ही वाडी विरुद्ध ती वाडी, ठाकर विरुद्ध महादेव कोळी असं होतं. आपल्याला लढायचंय कोणाशी ते पोरं विसरतात.

आणि मिळून म्हणणं काय आपल्याला शिकागोने शिकवलं? भाताच्या आवणीला एक बाई ओळ उचलते, बाकीच्या ती धरतात, चिखलात हात चालू असतात. ते गाणं कोणी लिहिलं, कोणाला ठाऊक? बोहाड्यात सोंग घेणारा गावातला, वाजवणारा गावातला, रात्रभर बसून चूक काढणारा म्हाताराही गावातलाच. राघोजी भांगऱ्यांना इंग्रजांच्या कागदाने दरोडेखोर ठरवलं आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली. कागदाचंच चाललं असतं तर देवगावचा हा माणूस आज दरोडेखोर म्हणूनच उरला असता. तो क्रांतिकारक म्हणून उरला तो लोकांच्या तोंडी राहिला म्हणून.

महाराष्ट्रात दुसऱ्या कष्टकऱ्यांनीही हे केलेलं आहे. सत्यशोधकांनी तमाशाचा बाज घेऊन जलसे उभे केले, पुढे आंबेडकरी जलसे गावोगाव फिरले. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लालबावटा कलापथक काढलं. त्यांची गाणी भाषणाआधीची करमणूक नव्हती, गाणं हीच सभा होती. नाटक-तमाशावर डोळा ठेवायला इंग्रजांनी १८७६ सालीच कायदा केला होता. नुसत्या करमणुकीला सरकार कशाला घाबरेल?

आणि शहाद्याच्या बाजूचे भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांची 'स्टेज' नावाची कविता ज्यांनी ऐकली नसेल त्यांनी मिळवून ऐकावी. श्रमिक संघटनेच्या लढ्यातून आलेला हा माणूस. आदिवासी खाली बसलेले आणि त्यांच्या वतीने बोलणारे वर, या दुखण्यावरच त्याने बोट ठेवलं. हे दुखणं शत्रूच्या सभेतलं नव्हे, चळवळीच्या सभेतलं. म्हणूनच ते जास्त सलतं.

आता आमच्या विरोधात जे बोललं जातं त्याचा हिशोब करू.

पहिलं म्हणणं: "गाण्याने प्लॉट नावावर होत नाही, त्याला पुरावा लागतो." बरोबर आहे, पुरावा लागतो. पण कोणता पुरावा? वन हक्क कायदा २००६ चा, त्याच्या नियमांतला १३ वा नियम वाचा. सरकारी कागदांबरोबर तिथे घर, झोपडी, बांध, जमिनीची सपाटी मोजली आहे. विहीर, मसणवटा, देवाची जागा मोजली आहे. आणि दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्या माणसांचा जबाब, लिहून घेतलेला, तोही पुरावा म्हणून मोजला आहे. उपग्रहाचा फोटो इतर पुराव्याला जोड म्हणून आहे, त्याच्या जागी नाही, हेही २०१२ च्या दुरुस्तीने नियमांत आलं आहे. म्हणजे म्हातारीचं बोलणं कायद्यात बसतं. ते कागदावर उतरवायला वेळेवर कोणी बसत नाही, ही खरी अडचण आहे.

आणि म्हातारी प्रश्नावलीसमोर बोलत नाही. "कब्जा कोणत्या सालापासून?" असं विचारलं की ती म्हणते, "मला काय ठावं बाबा." तेच पोरासोरांनी ओळ जुळवायला घेतली, "बांध घातला तेव्हा कोण कोण होतं?" की ती सांगत सुटते. दुष्काळ कोणता, त्या वर्षी कोण जन्मलं, दगड कोणत्या ओढ्यातून आणले, हिरड्याचं झाड कोणाच्या हद्दीवर, सगळं निघतं. शेजारची म्हणते, "तो वढा नाही गं, पल्याडचा." तिथल्या तिथे दुरुस्ती होते. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कोण कसतंय, हे असं चारचौघांत पक्कं होतं. गाणं स्वतः पुरावा नाही, हे आम्हीच आधी सांगतो. पण गाणं रचताना जे बाहेर येतं ते त्याच रात्री वहीत उतरवलं, त्यावर सही-अंगठा घेतला आणि वन हक्क समितीपुढे ठेवलं, तर तो जबाब होतो.

हे किती निकडीचं आहे तेही आठवा. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सुप्रीम कोर्टाने दावे फेटाळलेल्या माणसांना जमिनीवरून काढायचा आदेश दिला होता. देशभर ओरड झाली, २८ फेब्रुवारीला त्याला स्थगिती मिळाली. स्थगिती म्हणजे सुटका नव्हे. "पुरावा नाही" असा एक शेरा आणि घर उठणं यांच्यात फार थोडं अंतर आहे, हे त्या पंधरा दिवसांत कळलं.

दुसरं म्हणणं सरकारी कचेरीतून येतं: "तुमची कला फार छान, महोत्सवात या." ९ ऑगस्टला कांबड नाच पाहिजे, पाहुण्यांपुढे ढोल पाहिजे, फेटे आमचे, फोटो त्यांचे. नाचणाऱ्याचा दावा त्याच कचेरीत किती वर्षं पडून आहे, हे विचारायची सोय त्या कार्यक्रमात नसते. आमचा नाचाला विरोध नाही, मुक्या नाचाला आहे. बोलावणं आलं तर एक अट घाला: नाच होईल, पण मधे आमची तीन मिनिटं आमच्या शब्दांत होतील. मान्य नसेल तर नाच आपल्या वाडीत करू.

तिसरं म्हणणं आपल्यातल्या शिकलेल्यांचं: "एका चांगल्या कवीने लिहावं, बाकीच्यांनी म्हणावं. दहा जणांत कविता बिघडते." ज्याच्या हाताला गुण आहे त्याने जरूर लिहावं, त्याचा मान आहेच. पण एकाचं नाव झालं की त्याला शाल मिळते, नाहीतर नोटीस मिळते. शालीने माणूस गप्प होतो, नोटिशीनेही होतो. वाडीच्या कवितेला शाल कोणाला देणार आणि नोटीस कोणाला? शिवाय एकट्याची कविता "मी" म्हणते. दावा वैयक्तिक असला तरी जंगल, कुरण, पाणी, हिरडा, करवंद यांवरचा सामूहिक हक्क "आम्ही" म्हटल्याशिवाय उभाच राहत नाही. दहा जणांत कविता थोडी ओबडधोबड होईल. बांधही ओबडधोबड दगडांचाच असतो, पण तो पाणी धरतो.

कविता कशी असावी म्हणाल तर अशी. समजा दावा फेटाळल्याचं पत्र आलं आहे:

एक जण: हा बांध कोणी घातला?
सगळे: आज्याने घातला!
एक जण: दगड कुठून आणले?
सगळे: वढ्यातून आणले, डोक्यावर आणले!
एक जण: कागदावर काय लिहिलं?
सगळे: पुरावा नाही!
एक जण: मग हा बांध काय आहे?

इथे सगळे गप्प. फक्त दगडावर दगड तीनदा वाजतो. शिकागोच्या नियमात हा दगड बसत नाही, आपल्या नियमात बसतो. आणि खऱ्या वाडीत "आज्या"च्या जागी खरं नाव येईल, ओढ्याचं नाव येईल, सर्व्हे नंबर येईल. तेव्हा ती कविता दुसऱ्या वाडीला उचलून नेता येणार नाही. नेऊही नये, त्यांनी त्यांची करावी.

आता कामाचं. या पावसाळ्याच्या आत दर वाडीने एवढं करावं:

१. पाच ते दहा जणांचा गट करा. निम्म्या तरी बाया पाहिजेत, एक तरी म्हातारं माणूस, आणि एक लिहिणारं पोरगं किंवा पोरगी.

२. रचायला बसाल तेव्हा दोन वह्या ठेवा. एकीत कवितेच्या ओळी, दुसरीत माहिती: कोणी सांगितलं, कोणत्या जमिनीबद्दल, काय खुणा. दुसरी वही जबाबासाठी.

३. आपल्या बोलीत रचा. जबाब लिहितानाही सांगणाऱ्याचे शब्द बदलू नका. "वढा" म्हटलं तर "वढा" लिहा.

४. ज्याचा कागद किंवा साक्ष हातात नाही तो आरोप कवितेत घालू नका. गार्डाचं नाव घेऊन शिव्या देऊ नका. पावतीची तारीख सांगा, नोटिशीचा नंबर सांगा, उपटलेल्या नागलीचा दिवस सांगा. शिवीपेक्षा तारीख जास्त लागते.

५. पहिल्यांदा ग्रामसभेत म्हणा, कोरम भरल्यावर. वन हक्काच्या ग्रामसभेला निम्मी माणसं लागतात आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया लागतात. म्हणून झाल्यावर विचारा: यात काही खोटं आहे का? कोणी हात वर केला तर ओळ बदला. नाही केला तर जबाबावर सह्या घ्या आणि ठराव लिहा.

६. दावा उपविभागीय समितीने फेटाळला असेल तर कारण लेखी मागा. ६० दिवसांत जिल्हा समितीकडे अपील करायचं असतं. कविता करत बसून ती मुदत घालवू नका. कविता अपिलाच्या आधीची मेहनत आहे, अपिलाच्या बदल्यात नाही.

आणि सभा घेणाऱ्या साथींना एक सांगणं. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत सुमारे १८० किलोमीटर माणसं चालली. दहावीच्या पोरांच्या परीक्षेला त्रास नको म्हणून शेवटचा टप्पा रात्रीच चालली. तारपा, ढोल, गाणी सोबत होती. १२ मार्चला वन हक्काचे दावे सहा महिन्यांत निकाली काढायचं लेखी आश्वासन मिळालं. त्या सहा महिन्यांचं काय झालं ते प्रत्येकाने आपल्या दाव्याच्या कागदावर पाहावं. एप्रिल २०२३ मध्ये पुन्हा अकोल्याहून लोणीच्या दिशेने निघावं लागलं. एवढे पाय ज्या आवाजावर चालले त्या आवाजाला "पाहुणे येईपर्यंत" म्हणून उरकू नका. पाहुणे उशिरा आले तर त्यांनी खाली बसून आमचं संपेपर्यंत ऐकावं. त्यांचं भाषण त्यानंतर, आणि तेही तीन मिनिटांत.

हे पान वाडीत एकाने मोठ्याने वाचावं आणि बाकीच्यांनी पटलं नाही तिथे अडवावं. मग दोन वह्या काढाव्यात आणि पहिला प्रश्न विचारावा: हा बांध कोणी घातला?

जय आदिवासी!