लाल डबा : आठवण आणि हक्क

जुन्या एस. टी. गाड्यांच्या आठवणी हल्ली मोठ्या जिव्हाळ्याने काढल्या जातात. खडखडणाऱ्या खिडक्या, वाहकाच्या घंटेची दोरी, टपावरच्या टोपल्या हे सारे रम्य खरेच. परंतु १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी धावली ती रम्यतेसाठी नव्हे; प्रवास खाजगी मोटारमालकांच्या मर्जीवर राहू नये, म्हणून. माकुणसारहून पालघरच्या महाविद्यालयात वा बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत जाणाऱ्यांची गरज केवळ तिकिटांच्या गल्ल्यावर तोलणे अन्यायाचे आहे. २०२१-२२ च्या प्रदीर्घ संपात एस. टी.ची खरी किंमत खेड्यापाड्यांना कळली. लाल डब्याचे गोडवे गाणाऱ्यांनी तोट्यातील फेरीसाठीही आवाज उठवावा. आठवण जपायची ती अशी.