लहान तोफांची नौका

रेवसच्या धक्क्यावर लाँचची वाट पाहणाऱ्या मुलांस मुंबई बंदराकडे जाणारें करड्या रंगाचें जहाज दिसलें कीं पहिला प्रश्न ठरलेला असतो : "हिची तोफ केवढी?" तोफेच्या मापावरून नौकेची योग्यता ठरविण्याची खोड थोरांसही असते. म्हणून आपल्या पहिल्या क्रूझरची, 'दिल्ली'ची, हकीकत आज सांगतों.

तिचें मूळचें नांव 'अकिलीस'. इंग्लंडांत बर्कनहेड येथें १९३२ सालीं ती पाण्यांत सोडिली. आंतरराष्ट्रीय तहांनीं तेव्हां आरमाराच्या एकूण वजनास मर्यादा घातली होती. तेवढ्यांत अधिक नौका बसवावयाच्या तर प्रत्येक लहान हवी. म्हणून सुमारें सात हजार टनांच्या या नौकेस सहा इंची आठच तोफा मिळाल्या. वेग मात्र ताशीं बत्तीस सागरी मैल. बॉयलर सारे लगोलग ठेवल्यानें एकच धुराडें पुरलें, वजन वांचलें. पण एक गोळा वर्मीं लागल्यास सगळी वाफ जाण्याचें भय राहिलें. पुढच्या नौकांस दोन धुराडीं आलीं तीं याचसाठीं.

१३ डिसेंबर १९३९ रोजीं दक्षिण अमेरिकेंतील प्लेट नदीच्या मुखाबाहेर अकरा इंची तोफांच्या जर्मन 'ग्राफ स्पे'शीं तिची गांठ पडली. कमोडोर हारवुड यांनीं आपल्या तीन नौका दोन दिशांस विभागल्या, तेणेंकरून शत्रूचा मारा विभागला गेला. 'एक्झेटर' खिळखिळी झाली, 'अकिलीस'वर चौघे पडले. तथापि 'ग्राफ स्पे' माँटेव्हिडिओच्या आश्रयास गेली आणि चार दिवसांनीं तिच्याच कप्तानानें ती बुडविली. आंग्र्यांचीं गलबतें अवजड जहाजास, जिकडे तोफा थोड्या त्या पिछाडीनें, घेरीत. कोंकणच्या वाचकांस ही युक्ति परकी वाटूं नये.

सप्टेंबर १९४८ मध्यें ती आपली होऊन मुंबईस आली. माझ्या मतें तिचें खरें कार्य येथून पुढचें. एवढी मोठी लढाऊ नौका चालविण्याचें शिक्षण आमच्या आरमारास तिनेंच प्रथम दिलें. तिजवरील दुय्यम अधिकारी कटारी हे १९५८ सालीं नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. १९५० सालीं पंडित नेहरू तिच्यांतून इंडोनेशियास गेले. प्लेटच्या लढाईवरील १९५६ च्या इंग्रजी चित्रपटांत तर तिनें स्वतःचीच भूमिका केली! डिसेंबर १९६१ मध्यें दीवच्या पोर्तुगीज ठाण्यावर तिच्या तोफा चालल्या.

१९७८ सालीं ती सेवेंतून निघाली व मोडीत गेली. प्लेटच्या लढाईंत तिजवर न्यूझीलंडचे पुष्कळ खलाशी होते, म्हणून तिच्या तोफांचा एक बुरूज भारतानें त्या देशास भेट दिला. तो ऑकलंडच्या नौदल-तळावर ठेविला आहे.