रिकामा तवा तापवू नका!

डोसे घालण्यासाठी तवा गॅसवर ठेवला, आच मोठी केली आणि तेवढ्यात फोन वाजला. गप्पा आटोपून परत आलात, तर स्वयंपाकघरात उग्र वास! तवा लोखंडी असेल तर फारसे बिघडत नाही. पण तो नॉनस्टिक असेल, तर या वासाकडे दुर्लक्ष करू नका.

नॉनस्टिक भांड्यावरचा थर बहुधा टेफ्लॉनचा असतो. १९३८ साली अमेरिकेत रॉय प्लंकेट या रसायनशास्त्रज्ञाला हा पदार्थ योगायोगाने सापडला. त्याच्या लांबलचक रेणूंत कार्बन आणि फ्लोरीन यांची पकड इतकी घट्ट असते की तेल, मीठ, चिंच कशाचाही त्यावर परिणाम होत नाही. उष्णतेपुढे मात्र या पकडीलाही मर्यादा आहे. साधारण २६० अंश सेल्सिअसपर्यंत हा थर टिकतो. त्यापुढे तो बिघडू लागतो आणि ३५० अंशांच्या वर रेणू भराभर तुटून विषारी वायू बाहेर पडतात.

हा धूर श्वासातून गेल्यास काही तासांनी थंडी वाजून ताप येतो, खोकला येतो, छाती जड वाटते. लक्षणे फ्लूसारखी असल्याने खरे कारण लक्षातच येत नाही. बहुधा एक-दोन दिवसांत बरे वाटते, पण श्वास घ्यायला त्रास होत असेल तर लगेच डॉक्टरांकडे जा आणि तवा जळाल्याचे त्यांना जरूर सांगा. पक्ष्यांची फुप्फुसे फारच नाजूक असतात. घरातला पोपट अशा धुराने दगावू शकतो.

मग रोजच्या स्वयंपाकाचे काय? काळजी नको. भाजीत पाणी असेपर्यंत तापमान शंभर अंशांच्या आसपासच राहते. रिकामा तवा मात्र मोठ्या आचेवर काही मिनिटांतच मर्यादा ओलांडतो.

म्हणून एवढे लक्षात ठेवा :

० नॉनस्टिक भांडे आधी तेल किंवा पदार्थ घालूनच, मध्यम आचेवर ठेवा.

० तेलातून धूर येऊ लागला की आच लगेच कमी करा. तो धोक्याचा पहिला इशारा आहे.

० भांडे चुकून जळालेच तर गॅस बंद करा, खिडक्या उघडा, मुलांना आणि पिंजऱ्याला बाहेर न्या.

० पक्ष्याचा पिंजरा स्वयंपाकघरात टांगू नका.

‘उष्णतारोधक’ म्हणजे कितीही तापवले तरी चालेल असे नव्हे. फोन वाजला, तर आधी गॅस बंद करा, मगच तो उचला.