राउटरची मूर्च्छा

गेल्या महिन्यात कोयलीत आमच्या राउटरचे फर्मवेअर, म्हणजे त्याची अंगभूत आज्ञावली, बदलली जात असतानाच वीज गेली. परत आली तेव्हा एकच दिवा मिणमिणत होता. दुरुस्तीवाल्याने नाडीही न पाहता ‘नवा घ्या’ असा निर्वाळा दिला. आईची नातवाशी होणारी सायंकाळची भेट मात्र त्या पेटीवरच अवलंबून!

वाचकहो, ही बहुधा मूर्च्छा असते, मृत्यू नव्हे. मेमरीच्या निराळ्या कोपऱ्यात ‘बूटलोडर’ नावाची इवली आज्ञावली असते. फर्मवेअर बदलताना सहसा तिला धक्का लागत नाही. रीसेटची कळ दाबून धरून वीज दिली, की आमच्या राउटरचा बूटलोडर केबलने जोडलेल्या संगणकाकडे नवी प्रत मागतो. त्यासाठी संगणकाला १९२.१६८.०.६६ हा पत्ता द्यावा लागला. पत्ता व फाईलचे नाव कंपनीगणिक भिन्न. देवघेव होते ती टीएफटीपी या १९८० च्या सुमाराच्या पद्धतीने. तिला ना परवलीचा शब्द, ना सोपस्कार. म्हणूनच ती एवढ्याशा जागेत मावते.

फाईल मोबाइलवरून उतरवली. तत्पूर्वी राउटरच्या तळाच्या चिठ्ठीवरील मॉडेल आणि आवृत्ती दोनदा पडताळली; तेथे चुकलो असतो तर दुरुस्तीवालाच खरा ठरता, आणि ते मला मुळीच रुचले नसते. दहा मिनिटे स्विचला कोणासही हात लावू दिला नाही.

सायंकाळी आईने नेहमीच्या खुर्चीतून विचारले, “जेवलास का रे?”