मांजराचे डोळे आणि आपले कर्तव्य

बैलाच्या डोळ्यातून पाणी आले तर आपण कामाचा खाडा करून त्याला गुरांच्या दवाखान्यात नेतो. मांजराचे डोळे पिवळ्या चिपडांनी चिकटले तर मात्र "मांजरच ते, होईल आपोआप बरे" म्हणून सोडून देतो. कणगीतले भात आणि बियाणे उंदरांपासून राखणाऱ्या जिवाशी असे वागणे बरे नव्हे.

मळणीची धूळ, भाताचे कूस, चुलीचा धूर यांनी मांजराचे डोळे लाल होतात. पिल्लांत बहुधा मांजरांच्या सर्दीचा विषाणू किंवा क्लॅमिडियाचे जंतू कारण असतात. हा रोग एकापासून दुसऱ्याला लागतो. म्हणून आजारी पिल्लू व त्याची ताटली वेगळी ठेवावी.

अर्धा लिटर पाणी उकळून त्यात चहाचा एक सपाट चमचा मीठ विरघळवावे. ते कोमट झाल्यावर कापसाचा बोळा भिजवून चिपडे मऊ करावीत, ओढून काढू नयेत. नाकाकडून बाहेर पुसावे. दर डोळ्याला नवा बोळा घ्यावा. दिवसातून तीन-चार वेळा असे करावे व नंतर हात साबणाने धुवावेत. डोळ्यात फवारणीचे औषध गेले असेल तर मात्र लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने धूत राहावे आणि दवाखाना गाठावा.

दूध, मध, हळद डोळ्यात घालू नये. घरात उरलेले माणसांचे थेंब तर मुळीच नकोत. त्यांत स्टेरॉइड असले आणि बुबुळावर जखम असली, तर डोळा कायमचा जाऊ शकतो. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.

डोळा मिटून धरला, बुबुळावर पांढरट डाग दिसला किंवा खाणे सुटले, तर त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरांकडे न्यावे. नुसती लाली असेल आणि दोन दिवसांत उतार पडला नाही, तरीही न्यावे. मांजर पिशवीत घालून नेल्याने लोक हसतील, ही लाज सोडावी.

कोणी म्हणेल, माणसांना औषध मिळत नाही, तिथे मांजराचे लाड कशाला? प्रश्न योग्य आहे. 1992 साली प्रसिद्ध झालेला कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथही सांगतो की, माणसांच्या दुःखनिवारणासाठी लागणारा पैसा प्राण्यांवर उधळू नये. पण प्राण्यांना विनाकारण दुःख भोगायला लावणे माणसाला शोभत नाही, असेही तोच ग्रंथ सांगतो. मिठाच्या पाण्याला पैसा पडत नाही, दहा मिनिटे लागतात. तेवढी दया परमेश्वराच्या या लहान जिवाला आपल्या दारात मिळालीच पाहिजे.